पत्नी-मुलांच्या नावे ठेवी आणि ‘४८ लाखांपर्यंत कर नाही’: एका संदेशाचा प्रतिवाद

पगारदार मंडळींमध्ये सध्या एक संदेश मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचा सारांश असा: नवीन करप्रणालीत प्रत्येकाला १२ लाखांपर्यंत कर नाही, म्हणून नवरा, बायको आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला ४८ लाखांपर्यंत कर नाही; नवऱ्याने आपली बचत बायकोच्या आणि मुलांच्या नावे मुदत ठेवीत टाकावी, कारण नवरा-बायकोतली भेट करमुक्त असते; बँकेत १५जी अर्ज भरून द्यावा म्हणजे टीडीएस (बँक व्याजातून आधीच कापून घेते तो कर) कापला जात नाही; घरचा व्यवसाय असेल तर बायकोला पगार दाखवावा; आणि एवढा खटाटोप नको असेल तर पती-पत्नींनी मिळून एकच विवरणपत्र भरावे. यातले शेवटचे वाक्य सोडले तर प्रत्येक वाक्य एखाद्या खऱ्या तरतुदीच्या आधाराने उभे आहे, आणि म्हणूनच शिकलेसवरलेले लोकही त्याला फसतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चा आयकर कायदा लागू असल्याने पुढील कलमांचे क्रमांक त्याच कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या नव्या कायद्यात मांडणी आणि क्रमांक बदलले असले, तरी येथे महत्त्वाचे असलेले उत्पन्न एकत्र धरण्याचे तत्त्व कायम आहे.

एकत्र विवरणपत्राचा मुद्दा आधी निकालात काढतो. भारतीय कायद्यात पती आणि पत्नी हे दोन स्वतंत्र करदाते आहेत, प्रत्येकाचा पॅन वेगळा आणि विवरणपत्रही वेगळे. विवाहित जोडप्यांना संयुक्त करआकारणीचा पर्याय द्यावा, अशी सूचना सनदी लेखापालांच्या संस्थेने २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी केली होती. ती सूचनाच राहिली, आणि तिच्या बातमीचा मजकूर कापून संदेशात नियम म्हणून चिकटवलेला दिसतो. याला एकच जवळचा अपवाद आहे आणि तो अनेकांना माहीत नसतो. गोव्यात, तसेच दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवमध्ये, ज्या जोडप्यांना पोर्तुगीज नागरी संहितेची सामाईक मालमत्तेची पद्धत लागू आहे, त्यांचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न कलम ५ए नुसार दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. तेथेही विवरणपत्रे दोनच भरली जातात आणि पगार ज्याचा त्याच्याच नावावर राहतो.

आता १२ लाखांच्या आकड्याकडे वळू. नवीन करप्रणालीत करमुक्त उत्पन्नाची मूळ मर्यादा ४ लाख आहे. त्यापुढच्या ४ लाखांवर ५ टक्के आणि त्यानंतरच्या ४ लाखांवर १० टक्के असा एकूण ६०,००० रुपये कर १२ लाखांच्या उत्पन्नावर लागतो, आणि ज्या निवासी व्यक्तीचे एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे तिला कलम ८७ए खाली तेवढीच करसवलत मिळते, म्हणून तिचा देय कर शून्य होतो. ही सवलत व्यक्तीच्या स्वतःच्या एकूण उत्पन्नाशी बांधलेली आहे. कुटुंबात माणसे किती, याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. शेअरच्या विक्रीतील नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावरील कराला ती लागूही होत नाही. ज्या घरात पती आणि पत्नी दोघेही स्वतः कमावतात आणि प्रत्येकाचे उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे, तेथे दोघांनाही ही सवलत मिळते हे खरे. परंतु तीस लाख कमावणाऱ्या माणसाने आपले उत्पन्न कागदावर चौघांत वाटून चार सवलती मागाव्यात, अशी वाट कायद्याने ठेवलेली नाही. ती वाट बंद करणारी तरतूद आजची नव्हे. १९२२ च्या कायद्यात १९३७ मध्ये कलम १६(३) घालून ती आणली गेली, कारण पत्नी आणि मुलांच्या नावे मालमत्ता करून कर टाळण्याची युक्ती तेव्हाच रुळली होती. आजचे कलम ६४ हा त्याचाच वारसा आहे.

संदेशाचा खरा कणा म्हणजे भेटीचा मुद्दा. पतीने पत्नीला कितीही रक्कम दिली तरी ती पत्नीच्या हातात करपात्र ठरत नाही, कारण कलम ५६(२)(x) मध्ये नातेवाइकांकडून मिळालेली भेट वगळलेली आहे. येथपर्यंत संदेश बरोबर आहे. मात्र भेटीवर कर नसणे आणि भेटीतून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नावर कर नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचे उत्तर कलम ६४(१)(iv) देते: योग्य मोबदल्याशिवाय पती किंवा पत्नीला दिलेल्या मालमत्तेतून येणारे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. सीए मंडळी याला क्लबिंग म्हणतात. एक उदाहरण घेऊ. नवऱ्याचे करपात्र उत्पन्न ३० लाख आहे, बायकोचे स्वतःचे काहीच नाही, आणि त्याने तिला दिलेल्या २० लाखांची ७ टक्क्यांनी ठेव केली. वर्षाचे १,४०,००० रुपये व्याज बायकोच्या खात्यात जमा होईल, पण ते नवऱ्याच्या विवरणपत्रात दाखवावे लागेल आणि त्यावर ३० टक्के कर व ४ टक्के उपकर मिळून ४३,६८० रुपये त्यालाच भरावे लागतील. संदेशानुसार वागणारा माणूस ही रक्कम ‘वाचवतो’, म्हणजे प्रत्यक्षात ती थकवतो.

या नियमाचा एक भाग करदात्याच्या बाजूचा आहे आणि तो सांगायला हवा. दिलेल्या रकमेवर मिळालेले व्याज पतीच्या उत्पन्नात धरले जाते. पण ते व्याज पत्नीने पुन्हा गुंतवले, तर त्या व्याजावरचे उत्पन्न तिचे स्वतःचे ठरते. वरील उदाहरणात १,४०,००० रुपये पुन्हा ७ टक्क्यांनी ठेवले, तर पुढच्या वर्षीचे ९,८०० रुपये पत्नीच्या खाती धरले जातील. लाभ लहान दिसतो, परंतु वीस-पंचवीस वर्षांत तो मोठा होतो. त्यासाठी मूळ रक्कम आणि तिच्यावरचे व्याज यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. म्हणून मूळ रकमेचे व्याज तिमाहीला वेगळ्या बचत खात्यात घ्यावे आणि तेथून नवी ठेव करावी, हे सोयीचे; चक्रवाढ ठेवीत दोन्ही एकत्र मिसळून जातात आणि मग वेगळेपण कागदावर दाखवणे कठीण होते.

हे कलम लागू होण्यासाठी मालमत्ता देताना आणि उत्पन्न मिळताना दोन्ही वेळी पती-पत्नीचे नाते असावे लागते. फिलिप जॉन प्लास्केट थॉमस यांच्या १९६३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, लग्नापूर्वी वाग्दत्त वधूला दिलेल्या शेअरवरील लाभांश पतीच्या उत्पन्नात धरता येणार नाही असा निर्णय दिला, तो याच कारणाने. लग्न होऊन मुले झालेल्या जोडप्याला त्याचा उपयोग नाही, पण लग्न ठरलेल्यांनी तो लक्षात ठेवावा.

आडवाटेचेही तेच. ‘मेहुण्याला द्या, तो आपल्या बहिणीला देईल’ असा सल्ला संदेशाच्या काही आवृत्त्यांत असतो. कलमात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे’ असे शब्द आहेत, आणि सी. एम. कोठारी प्रकरणात, तेही १९६३ चेच, सर्वोच्च न्यायालयाने एकमेकांत गुंफलेल्या देवाणघेवाणीकडे एकच व्यवहार म्हणून पाहिले. स्वकष्टार्जित पैसा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यात टाकण्याचा मार्ग कलम ६४(२) ने, आणि मोबदला न घेता सुनेच्या नावावर मालमत्ता करण्याचा मार्ग कलम ६४(१)(vi) ने बंद केलेला आहे. घर पत्नीला असेच देऊन टाकले, तर कलम २७ नुसार भाड्याच्या उत्पन्नापुरता पतीच त्याचा मालक मानला जातो.

मुलांच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. १९९२ च्या वित्त कायद्याने आणलेल्या आजच्या कलम ६४(१ए) नुसार १८ वर्षांखालील मुलाचे उत्पन्न, मग पैसा आजोबांनी दिलेला असो वा वाढदिवसाला जमलेला असो, आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. विवाह संपुष्टात आला असेल तर मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या. व्याजावरच्या व्याजाची सवलतही येथे नाही, कारण येथे पैसा कोणाकडून आला हा प्रश्नच विचारला जात नाही. प्रत्येक मुलामागे कलम १०(३२) खाली १,५०० रुपयांची सूट आहे, तीही फक्त जुन्या करप्रणालीत. त्यामुळे दोन मुलांच्या नावे १२-१२ लाख ‘करमुक्त’ ही गोष्ट मुळातच चुकीची आहे. मुलांच्या नावे घेतलेल्या म्युच्युअल फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावरची १.२५ लाखांची सूटही वेगळी मिळत नाही, कारण तो नफा पालकाच्याच नफ्यात मिळतो. अपवाद दोन आहेत: कलम ८०यू मध्ये सांगितलेले अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न, आणि मुलाने स्वतःच्या श्रमाने, कौशल्याने किंवा कलागुणाने मिळवलेले उत्पन्न. मालिकेत काम करणाऱ्या किंवा स्पर्धा जिंकणाऱ्या मुलाचे मानधन त्याचेच धरले जाते आणि पालकांनी त्याच्या वतीने वेगळे विवरणपत्र भरायचे असते. ते मानधन ठेवीत टाकल्यावर येणारे व्याज मात्र पुन्हा पालकाकडे येते.

या सगळ्यात मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती १५जी च्या सल्ल्याची. बँकेच्या काउंटरवर हा अर्ज सहीपुरता समोर येतो आणि बहुतेक जण तो न वाचता सही करतात. त्यातील सत्यापनात सही करणारी व्यक्ती असे घोषित करते की, या अर्जातील उत्पन्न कलम ६० ते ६४ खाली अन्य कोणाच्याही उत्पन्नात समाविष्ट होणारे नाही. नवऱ्याने दिलेल्या पैशांच्या ठेवीवर बायको १५जी भरते, तेव्हा ती नेमकी खोटी ठरणारी घोषणा करत असते, आणि खोट्या निवेदनाबद्दल कलम २७७ मध्ये खटल्याची तरतूद आहे. कर वाचवण्याची कल्पना नवऱ्याची, संदेश त्याच्या मोबाईलवरचा, आणि सही मात्र अशा गृहिणीची, जिला हा अर्ज काय सांगतो हे कोणी समजावूनही सांगितलेले नसते. हे अन्यायाचे आहे. टीडीएस कापला गेलाच, तर नियम ३७बीए नुसार बँकेला तसे कळवून त्याचे श्रेय पतीच्या पॅनवर घेता येते, तेव्हा त्याची भीती बाळगण्याचेही कारण नाही.

व्यवसायातून पत्नीला पगार देण्याविषयी थोडक्यात. ज्या उद्योगात पतीचा भरीव हितसंबंध आहे, म्हणजे नातेवाइकांसह मिळून २० टक्के किंवा अधिक भाग आहे, तेथून पत्नीला मिळणारा पगार पतीच्याच उत्पन्नात धरला जातो. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि तो पगार केवळ त्या ज्ञानाचा व अनुभवाचा मोबदला असेल, तर तो तिचा. डॉक्टर पतीच्या रुग्णालयात पत्नी स्वतः डॉक्टर म्हणून काम करत असेल तर प्रश्न नाही. नावापुरता पगार मात्र टिकत नाही.

मग विवाहित आणि मुले असलेल्या जोडप्याला निवडीला वावच नाही काय? आहे, आणि संदेश त्याविषयी एक शब्दही बोलत नाही. पती आणि पत्नी यांनी करप्रणाली एकच निवडण्याचे बंधन नाही. गृहकर्ज आणि कलम ८०सी च्या (ठरावीक बचत व खर्चांवरच्या) वजावटी असलेल्याने जुनी आणि दुसऱ्याने नवी, असे चालते. जुन्या प्रणालीत मुलांचे शाळा-महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क, देणगी आणि विकास निधी वगळून, १.५ लाखांच्या एकूण मर्यादेत प्रत्येक पालकाला दोन मुलांपुरते मिळते, म्हणून तीन मुले असतील तर वाटणी विचारपूर्वक करता येते. घर दोघांच्या नावे असून कर्जही दोघांचे असेल, तर जुन्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. पीपीएफ आणि सुकन्या समृद्धी यांचे व्याज मुळातच करमुक्त असल्याने पत्नीच्या किंवा मुलीच्या नावे पैसे भरले तरी क्लबिंगचा फटका बसत नाही; फक्त १८ वर्षांखालील मुलाचे पीपीएफ खाते आणि पालकाचे स्वतःचे खाते मिळून वर्षाची मर्यादा १.५ लाखच राहते. आणि दोघेही कमावते असतील, तर सर्वांत सोपी आणि निर्विवाद रीत म्हणजे घरखर्च, शाळा आणि किराणा अधिक कर भरणाऱ्याच्या पगारातून चालवणे आणि कमी टप्प्यात असलेल्या जोडीदाराने स्वतःच्या पगारातून गुंतवणूक करणे. तेथे कोणी कोणाला मालमत्ता दिलेलीच नसते. मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याला दिलेल्या रकमेचे उत्पन्नही त्याचेच धरले जाते.

संदेशावर विश्वास ठेवून आधीच ठेवी केलेल्यांनी हे लक्षात घ्यावे की बँका व्याजाची माहिती पॅननिहाय आयकर विभागाला देतात आणि ती वार्षिक माहिती विवरणात दिसते. कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास २०० टक्के दंड कलम २७०ए मध्ये आहे. त्याऐवजी कलम १३९(८ए) खालील अद्ययावत विवरणपत्र भरून हे व्याज पतीच्या उत्पन्नात दाखवता येते. संबंधित करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत कर व व्याजावर २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के जादा भरावे लागतात. इतरांच्या नावचे उत्पन्न दाखवण्यासाठी आयटीआर-२ मध्ये एसपीआय नावाची स्वतंत्र अनुसूची आहे, आणि व्याज कोणाच्या ठेवीचे, किती आणि कोणत्या नात्याने मिळवले, हे तेथेच नोंदवायचे असते.