दादा, मॅक्गिलचं उदाहरण देऊ नकोस

आमच्या गावच्या शाळेला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतील. जागा पणजोबांनी दिली, म्हणून नाव त्यांचं. तिथल्या एका तरुण सरांनी सुचवलं की स्मरणिकेत पाया खणणाऱ्यांवरही चार ओळी याव्यात; ते काम वेठीनं करवून घेतलं होतं, असं म्हातारी माणसं सांगतात. दादा खवळला. घरच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, "दान देणाऱ्याचं असं उकरून काढायचं? तुझी मुलगी शिकते ते मॅक्गिल बघ. दोनशे वर्षं नाव डौलात आहे. कुणी हिशेब मागितला?"

मागितला, दादा. मॅक्गिल विद्यापीठानं स्वतःच मागितला.

जेम्स मॅक्गिल १७४४ साली ग्लासगोत जन्मला. इकडे कॅनडात येऊन बीव्हर या केसाळ पाणप्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारात शिरला आणि मॉन्ट्रियलच्या बड्या धनिकांत गणला जाऊ लागला. १८१२ साली अमेरिकेशी युद्ध पेटलं तेव्हा वय ६७, तरी शहराच्या मिलिशियाचा, म्हणजे नागरी सेनेचा, कर्नल. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गेला. मृत्युपत्रात कॉलेजसाठी बर्नसाइड या त्याच्या वाडीची ४६ एकर जमीन आणि १०,००० पौंड. बायकोच्या पहिल्या लग्नाच्या मुलांकडच्यांनी ते कोर्टात नेलं. १८२१ साली सनद मिळाली, पण शिकवणं सुरू व्हायला १८२९ उजाडलं. भाऊबंदकी सगळीकडे सारखीच.

हे सगळं दादाला आवडेल. पण त्याच माणसाच्या घरात निदान पाच गुलाम होते. सारा, मारी-लुईझ, जाक हे कृष्णवर्णीय, आणि दोन मूलनिवासी लेकरं. दोघंही दहा-बारा वर्षांची होऊन मेली. एकीचं नाव मारी. दुसऱ्याचं नाव कागदावर उरलंच नाही.

द्विशताब्दीच्या वर्षी, २०२१ साली, विद्यापीठानं हे जगासमोर मांडलं. वाऱ्यात टोपी सावरत चालणारा त्याचा पुतळा त्याच उन्हाळ्यात कॅम्पसवरून हलला. नाव आहे तिथेच आहे. आर्ट्स बिल्डिंगसमोर त्याची समाधी आहे. ऊन असलं की माझी मुलगी तिथल्याच पायऱ्यांवर डबा खाते. काय बुडालं? मुंबईत सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा पैसा होता, हे लिहिल्यानं जे.जे. हॉस्पिटलमधला एक पेशंट तरी कमी झाला का?

इथल्या माणसांत निदान एवढी हिंमत आहे, असं मी ठसक्यात लिहिलं. दादाचं उत्तर आलं, "तिकडे बसून शिकवणं सोपं आहे. वाड्याचं छप्पर गळतं तेव्हा कोण असतं इथे?"

ते लागलं. खरंच लागलं. छप्पर दादाच शाकारतो. मी डिसेंबरात फूटपाथवरचं बर्फ ओढत असते आणि मनात आमच्या परसातला फणस असतो. पण शाळेच्या नावात माझाही वाटा आहे, म्हणूनच बोलते. परक्या घराबद्दल मी कशाला भांडेन?

आणि एक सांगायचं राहिलं होतं. त्या नाव नसलेल्या लेकराबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या वाड्यात गोठ्याला लागून असलेल्या पडवीत एक मुलगी निजायची. बापानं घेतलेली उचल फिटेपर्यंत ती आमच्याकडे होती. शेण काढायची, पाणी भरायची. दुपारी आई झोपली की ती आणि मी सागरगोटे खेळायचो. तिचा हात माझ्याहून चपळ होता. दोन पावसाळे ती होती. सगळे तिला "ए पोरी" म्हणायचे. मीही तेच म्हणायचे.

काल दादाला तिचं नाव विचारलं. वाड्यातल्या प्रत्येक गाईचं नाव त्याला पाठ आहे. बराच वेळ तो टाइप करत होता, मग थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"आठवत नाही गं," एवढंच आलं. थोड्या वेळानं आणखी एक ओळ: "उद्या काकूला विचारतो."