हुशार मुलांच्या मराठीचे आपण करतो तरी काय?

आज सायंकाळी शेजारची चौथीतली मुलगी मराठीची वही घेऊन माझ्याकडे आली. धड्याखाली प्रश्न होता, ‘तुमच्या शब्दांत लिहा.’ तिने स्वतःच्या शब्दांत चांगले दीड पान लिहिले होते. त्यावर तांबड्या शाईची तिरकी रेघ ओढलेली होती आणि खाली शेरा होता, ‘फळ्यावरचे उत्तर लिहून आणणे.’ मुलीची काहीच तक्रार नव्हती. फळ्यावरचे उत्तर तीन ओळींचे असल्याने ते उतरवून लवकर खेळायला जाता येईल, असे तिने मला शांतपणे सांगितले. तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

गणितात पुढे असलेले मूल आपण लगेच हेरतो, त्याला वरच्या इयत्तेची उदाहरणे देतो, स्पर्धांना बसवतो. मराठीत पुढे असलेल्या मुलाला मात्र काय मिळते? धडा पहिल्याच दिवशी वाचून संपवला म्हणून हाताची घडी, फार तर इतरांच्या वह्या गोळा करण्याचे काम. वळणदार अक्षर, बिनचूक शुद्धलेखन आणि घडाघडा पाठांतर या तीन गोष्टी जमल्या की मूल ‘मराठीत हुशार’ ठरते, आणि ज्याच्या डोक्यात भाषा खरोखर खेळत असते ते मूल या तिन्ही कसोट्यांवर नापास होऊ शकते.

मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असताना चौथीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. घरी अहिराणी बोलणारा, अक्षर कोंबडीचे पाय. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहा, असे सांगितल्यावर अख्ख्या वर्गाला ताप आला आणि याने शाळेच्या हापशाच्या वतीने अर्ज लिहिला. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, मी शाळेच्या आवारात बारमाही सेवेत असून उन्हाळ्यातही रजा घेतलेली नाही. पोटातील वायसर झिजल्यामुळे मला चार दिवसांची रजा मिळावी. सोबत मिस्त्रीचा दाखला जोडला आहे. आपला आज्ञाधारक, हापसा.’ आमच्या एका सहकाऱ्यांचे मत पडले की विषय सोडून लिहिल्याबद्दल शून्य गुण द्यावेत.

विषय सोडून? कोण कोणाला लिहीत आहे, कोणत्या सुरात लिहायचे, कारण कुठे सांगायचे, पुरावा काय जोडायचा, हे सगळे त्या पोराला कळले होते, आणि वर त्या सगळ्या सरकारी थाटाची गंमतही कळली होती. अशा मुलाला आणखी दहा अर्ज लिहायला लावणे हा त्याचा छळ आहे. मी त्याला ग्रामपंचायतीची नोटीस, लग्नपत्रिका आणि वर्तमानपत्रातली एक बातमी दिली आणि गावातल्या एकाच घटनेवर तिन्ही तऱ्हांनी लिहायला सांगितले. गावची म्हैस विहिरीत पडली होती. लग्नपत्रिकेच्या भाषेत त्याने म्हशीला ‘सहकुटुंब सहपरिवार’ बाहेर काढले. शेवटी आजीला सांगितल्यासारखे लिही म्हटल्यावर तो अहिराणीत शिरला आणि तोच मजकूर सर्वांत सरस उतरला. अहिराणी, वारली, कोरकू, गोरमाटी बोलणाऱ्या घरांतून आलेल्या किती मुलांना आपण ‘मराठी कच्चे’ म्हणून मागच्या बाकावर बसवून ठेवले असेल, या विचाराने आजही घालमेल होते.

पुढे शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू झाली. तेव्हा ही परीक्षा चौथीला असे. 2016-17पासून ती काही वर्षे पाचवीला होती. आज तिच्या 300 गुणांपैकी प्रथम भाषेला 50 गुण आहेत, तेही 25 पर्यायी प्रश्नांचे. स्वतःचे एक वाक्यही लिहावे लागत नाही. उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा, असा प्रश्न आला की हापशाचा हा लेखक चारही पर्याय नाकारून पाचवे शीर्षक सुचवी, आणि बहुतेक वेळा तेच चांगले असे. अर्थात त्याचा गुण जाई. या परीक्षेने खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलांना वाट करून दिली हे मला मान्य आहे, बरे; पण ती परीक्षा म्हणजेच हुशार मुलांचे भाषाशिक्षण, असे शाळा आणि पालक दोघेही धरून चालतात, त्याचे काय करावे?

वक्तृत्व स्पर्धांविषयी तर बोलायलाच नको. भाषण आई लिहिते, हातवारे बाई बसवतात, आणि सात वर्षांचे लेकरू ‘आजची तरुण पिढी’ या विषयावर आवाज चढवून बोलते. बक्षीसही त्यालाच मिळते!

दोन शिक्षक, चार वर्ग आणि वर निवडणुकीची कामे, अशा शाळेत एकट्या मुलाकडे पाहायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. मी स्वतः ते सारे केले आहे. त्या वहीवर रेघ ओढणाऱ्या बाईंच्या टेबलावरही वह्यांचा ढीग असणार, त्यामुळे त्यांच्यावरचा माझा राग हे लिहिता लिहिता थोडा उतरला आहे. परंतु त्या मुलाला वेगळा गृहपाठ सांगायला मला दोन मिनिटेही लागत नसत, आणि त्याचे लिखाण मी मधल्या सुट्टीत वाची. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने 1969 साली बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली. पण तिथे प्रवेश पाचवीपासून आणि तोही निवडक मुलांना. पहिली ते चौथीच्या कोवळ्या वयात वाडीवरच्या मुलाने जायचे कुठे? त्याच्यासाठी आहे तोच वर्ग आणि आहेत त्याच बाई.

वाचायला काय द्यावे, असे पालक विचारतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971पासून निघत आहे, जुने अंकही त्यांच्या संकेतस्थळावर वाचता येतात. तिथून सुरुवात करावी. मात्र वाचून झाल्यावर ‘यातून काय बोध मिळाला?’ असे कृपया विचारू नये. हा शेवट तुला पटला का, दुसरा कोणता चालला असता, असे विचारावे आणि मग मुलाला बोलू द्यावे, मध्ये तोंड घालू नये.

शेजारच्या मुलीला मी फळ्यावरच्या तीन ओळी उतरवू दिल्या, कारण उद्या वही तपासली जाणार आहे. तिचे दीड पान मात्र मी पुन्हा वाचले आणि त्यातल्या एका पात्राच्या बाजूने तीच हकिकत लिहून आण, असे सांगितले. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ती येणार आहे. आसपासच्या ज्यांची मुले अशी वर्गात कंटाळलेली असतील त्यांनी खुशाल पाठवावीत, फी वगैरे काही नाही. घरात जुने दिवाळी अंक, लग्नपत्रिका, नोटिसा पडून असतील तर त्याही द्याव्यात. निबंधांची तयार पुस्तके मात्र कोणीही आणू नयेत.