दिवसाला दोनच वायनरी का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

नाशिकच्या वायनरींच्या दोन दिवसांच्या सहलीवरचा लेख वाचून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: दिवसाला दोनच वायनरी सांगणे हा अतिसावधपणा आहे, पुण्याहून शनिवारी पहाटे निघून पाच सहज होतात, टेस्टिंगमध्ये मिळते ती घोटभर वाइन, तिच्यासाठी चालकासह गाडी करायला सांगणे म्हणजे उगाच खर्चात घालणे, जानेवारी-फेब्रुवारीचा हट्ट कशाला, पावसाळ्यात बागा हिरव्यागार असतात, आणि इगतपुरीची बाजू पुण्याच्या माणसाला पूर्ण उलटी पडते. शेवटचा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे, त्याकडे येतोच. पहिल्या दोन मुद्द्यांवर मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे आणि त्यामागचे गणित लेखात द्यायला हवे होते. ते इथे देतो.

टेस्टिंगमध्ये एका प्रकाराची साधारण ३० मिली वाइन ओततात. पेल्यात ती तळाला दोन बोटेसुद्धा भरत नाही, त्यामुळे 'घोटभर' वाटणे स्वाभाविक आहे. पण असे सहा प्रकार घेतले की १८० मिली झाले. जेवणाबरोबर देतात तो पेला १५० मिलीचा असतो. म्हणजे एका वायनरीत एक पेला आणि वर थोडी. पाच वायनरी म्हणजे ९०० मिली : एक आख्खी बाटली आणि वर एक पेला, माणशी, एका दिवसात, बहुतेक वेळा उन्हात आणि अर्ध्या रिकाम्या पोटी.

आता गाडीचे. १८० मिली वाइनमध्ये, ती साडेबारा टक्क्यांची धरली तर, सुमारे १८ ग्रॅम अल्कोहोल असते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमची आहे. सत्तर किलोच्या पुरुषाने एकच टेस्टिंग पाऊण तासात संपवले तर तो ढोबळमानाने या मर्यादेपाशी पोचतो. पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात तेच प्रमाण पन्नाशीच्या घरात जाते. शरीर तासाला सात-आठ ग्रॅमच निचरा करते, त्यामुळे एका टेस्टिंगनंतर अडीच तास आणि दोन टेस्टिंगनंतर पाच तास हे हिशेबात धरायलाच हवेत. कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर पाण्याचा हबका यांनी त्यातले एक मिनिटही कमी होत नाही. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण मला खरी काळजी गंगापूर धरणाकडच्या सावरगाव रस्त्यावर संध्याकाळी दिवे न लावता चालणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि दुचाकीवर घरी परतणाऱ्या मजुरांची वाटते. त्या रस्त्यावर चूक पाहुण्याची होते आणि मार गावातला माणूस खातो.

चालक ठेवायचा नसेल तर दोन सरळ मार्ग आहेत. गटातल्या एकाने त्या दिवशी प्यायचीच नाही. नाहीतर वायनरीच्या आवारात किंवा पायी जाण्याइतके जवळ मुक्काम करायचा. चाखून पीकदाणीत थुंकणे हाही रीतसर प्रकार आहे, व्यावसायिक चाखणारे तसेच करतात. टेबलावर पीकदाणी दिसली नाही तर मागा, कुणी वाईट मानत नाही. तरीही थोडी वाइन पोटात जातेच, म्हणून थुंकणाऱ्यानेही लगेच स्टिअरिंग धरू नये. गाडी करायची तर नाशिकमध्ये 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' असा दर विचारा. गंगापूर धरणाची बाजू त्यात आरामात बसते. इगतपुरीची बाजू मात्र जाऊन-येऊनच नव्वदच्या पुढे जाते आणि वरच्या किलोमीटरचे पैसे वेगळे लागतात, हे आधी बोलून घ्या. गंगाव्हरे-सावरगावकडून संध्याकाळी परतताना ॲपवरची टॅक्सी मिळेलच या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट जिभेची. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन प्यायल्यावर हिरड्या आणि जीभ आवळल्यासारखी होते, तो टॅनिन या तुरट द्रव्याचा परिणाम. आठ-दहा प्रकारांनंतर हा तुरटपणा तोंडात साचतो आणि पुढची प्रत्येक रेड सारखीच लागायला लागते. चौथ्या-पाचव्या वायनरीत तुम्ही नुसते पीत असता, चव कळत नसते. क्रमही पाळावा : आधी स्पार्कलिंग, मग कोरडी व्हाइट, रोझे, रेड आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट सर्वांत शेवटी. गोड आधी घेतली की तिच्यामागून येणारी सोव्हिन्याँ ब्लाँसारखी उत्तम कोरडी व्हाइटसुद्धा नुसती आंबट वाटते.

तुम्ही लिहिले आहे, 'सगळीकडे त्याच टाक्या, तीच पिंपे.' बरोबर आहे. देठ वेगळे करणारे यंत्र, द्राक्षे पिळायचा प्रेस, थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्या, २२५ लिटरची ओकची पिंपे हा संसार सगळीकडे तोच. पण त्यातून निघणारा निष्कर्ष पाच वायनरींचा नाही. पूर्ण टूर एकाच ठिकाणी घ्या, दुसरीकडे नुसते टेस्टिंग करा आणि जेवा. फोन करताना तीन प्रश्न विचारा : किती प्रकार आणि किती मिली, टूर कोणत्या वेळांना आणि कोणत्या भाषेत, आणि बाटली घेतली तर टेस्टिंगचे पैसे वळते होतात का. मराठीत टूर हवी असेल तर आधी सांगितलेले बरे. बऱ्याच जागी सांगणारी मुले-मुली नाशिक जिल्ह्यातलीच असतात आणि मराठीत जास्त मोकळेपणाने बोलतात.

आता तुमचा खरा आक्षेप, दिशेचा. लेखातली आखणी मुंबईहून येणाऱ्यांची होती आणि तसे मी लिहिलेही नव्हते. चूक माझी. नाशिकच्या वायनरी एका रांगेत नाहीत. गंगापूर धरणाच्या पाण्याकडे सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. सांजेगाव-कावनईकडे, मुकणे धरणाच्या बाजूला, व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. तो इगतपुरी तालुका. दिंडोरीकडे शाँदों. निफाडकडे रेव्हेलो आणि त्याच तालुक्यात विंचूरचे वाइन पार्क. एका दिवशी एकच दिशा धरायची. दोन दिशा मिसळल्या की दिवस नाशिक शहराच्या सिग्नलवर जातो.

पुण्याहून येणाऱ्याने नाशिकमध्ये शिरून मग इगतपुरीकडे उलटे जायचे कारण नाही. सिन्नरला घोटीचा रस्ता धरा, सुमारे ५० किलोमीटर. सकाळी सहाला निघालात तर चहा-नाश्ता धरून साडेअकराच्या आसपास सांजेगावच्या बाजूला पोचता. तिथे टूर, टेस्टिंग, जेवण. एवढ्यात दुपार जाते. तिथून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक, मुक्काम गंगापूर रोडच्या बाजूला. रविवारी सकाळी उघडताच पहिली टूर घ्या, कारण दुपारनंतर त्या रस्त्याला गर्दी लोटते. दोन वायनरी आणि जेवण दोनपर्यंत उरकते. चारला परत निघायचे असेल तर परतीच्या चालकाने रविवारी पेल्याला हात लावायचा नाही. चंदनापुरी घाटात अंदाज चालत नाही. मुंबईकरांना २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत जोडला गेल्याने कसारा घाट टाळता येतो.

हंगामाबद्दल. पावसाळ्यातला हिरवा रंग खोटा नाही, पण तो पानांचा आहे. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, सूक्ष्म घडनिर्मिती होते, नजरेला न दिसणारी. पावसाळाभर बागायतदार ती काडी पक्व करत असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी, मग फुलोरा, मग मण्यात पाणी उतरते, म्हणजे तो मऊ पडू लागतो, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. जुलैत गेलात तर बागेत घड नाही, आत प्रेस बंद आणि टूरमध्ये 'इथे असे चालते' एवढेच ऐकायला मिळते. फेब्रुवारीत सकाळी क्रेटांनी भरलेला ट्रॅक्टर यंत्रापाशी उभा असतो, आंबवण सुरू असलेल्या टाकीपाशी यीस्टचा वास येतो. वाइनचा मणी हातात घेऊन बघा : खायच्या थॉमसनपेक्षा लहान, साल जाड, आत बिया. चिमटीत दाबला की गर सालीला चिकटून राहतो. बी तपकिरी आणि चावल्यावर कुरकुरीत असेल तर मणी तयार. हिरवी आणि कडू असेल तर अजून वेळ आहे. मात्र हा मणी माळ्याला विचारूनच तोडा. गोडी छाटणीनंतर डावणी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या चालू असतात आणि शेवटची कधी झाली ते त्यालाच माहीत असते.

हिरवळ, धुके आणि निवांतपणा हेच हवे असेल तर पावसाळ्यात जरूर या, फक्त वाइन कशी होते ते पाहायला म्हणून येऊ नका. इगतपुरीकडे पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट पडतो, बागेतली माती बुटाला धरते. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची अमृतस्नाने आहेत. त्या दिवसांत शहरात वाहनाने फिरण्याचा बेत ठेवूच नये.

तुम्ही सकाळी मिसळ खाऊन थेट पहिल्या टेस्टिंगला जायचे सुचवले आहे. नाशिकची मिसळ सोडा असे मी कुणालाही सांगणार नाही, पण क्रम बदला. तिखटाने पेटलेल्या तोंडावर अल्कोहोल आणखी आग करते आणि टॅनिन कडू लागते. मिसळ पुण्याला निघताना खा किंवा ती आणि पहिला पेला यांत दीड-दोन तास जाऊ द्या. टेस्टिंगआधी थालीपीठ-लोणी, ऑम्लेट-पाव असे स्निग्ध काहीतरी पोटात असावे. तंबाखू, सुपारी, मिंटची गोळी आणि भरपूर अत्तर हे चारही टाळा. अत्तराने शेजारच्याचाही वास बिघडतो.

बाटल्या शेवटच्या थांब्यावर घ्या. मार्च-एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी इतकी तापते की बुचाच्या बाटलीतले बूच वर सरकते आणि वाइन शिजल्यासारखी लागते. थर्माकोलची पेटी आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या एवढी सोय पुरते. व्हाइट आणि रोझे घेताना लेबलवरचे साल बघा, शक्यतो गेल्या एक-दोन वर्षांचेच घ्या. बिल जपून ठेवा. सुरत-वापीकडच्या मराठी वाचकांनी मात्र बाटली घेऊन घरी जायचा विचार करू नये, गुजरातेत दारूबंदी आहे.

तुमच्या प्रतिक्रियेत आलेली एक गोष्ट माझ्या लेखातून पूर्ण सुटली होती : तुमचे मित्र प्रजासत्ताक दिनाच्या सुटीला जोडून गेले आणि त्यांना टेस्टिंग मिळाले नाही. २६ जानेवारी ड्राय डे असतो आणि नेमका तोडणीच्या हंगामात येतो. त्या दिवशी बाग आणि टूर करता येते का ते फोनवर विचारा, टेस्टिंग आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही तपासा. ही सूचना आणि सिन्नर-घोटीचा रस्ता, दोन्ही आज मूळ लेखात जोडले आहेत.