‘गणनपद्धत कोणतीही घ्या, उत्तर तेच’ : एका समजुतीचा प्रतिवाद

हवेच्या गुणवत्तेच्या मॉडेलांविषयी एक विधान सतत फिरत असते : उत्सर्जनाची आणि हवामानाची माहिती अचूक असली, की समीकरणे कोणत्या संख्यात्मक पद्धतीने सोडवली याने फरक पडत नाही, शंका आलीच तर टाइम स्टेप (गणनेच्या एका पावलाचा कालावधी) लहान करावी, आणि उत्सर्जन थोडे बदलून मॉडेल पुन्हा चालवले की संवेदनशीलता, म्हणजे त्या बदलाने प्रदूषण किती बदलते ते, कळते.

टाइम स्टेपचा उपाय आधी पाहू, कारण तोच सर्वाधिक फसवा आहे. साध्या अपविंड पद्धतीत (वारा ज्या बाजूने येतो तिकडच्या शेजारच्या घरावरून पुढची संहती काढणारी पद्धत), वाऱ्याबरोबर प्रदूषक पुढे सरकवताना, निसर्गात नसलेले विसरण, म्हणजे पसरणे, गणितातूनच शिरते. वाऱ्याचा वेग आणि ग्रिडच्या (मॉडेलने प्रदेशाच्या केलेल्या चौकटींच्या जाळ्याच्या) घराची रुंदी यांच्या गुणाकाराला १ वजा कूराँ संख्येने (एका टाइम स्टेपमध्ये वारा घराच्या रुंदीचा किती भाग ओलांडतो ते प्रमाण) गुणून निम्मे केले, की या विसरणाचा गुणांक मिळतो. वेग सेकंदाला ५ मीटर, घर ४ किलोमीटरचे आणि कूराँ संख्या ०.५ असेल, तर तो सेकंदाला ५,००० चौरस मीटर येतो. टाइम स्टेप पाचपट लहान करून कूराँ संख्या ०.१ वर आणली, तर ९,००० होतो. म्हणजे सुधारणा म्हणून केलेल्या बदलाने धूर अधिकच पसरतो.

हे पसरणे निरुपद्रवी नाही. धुराच्या दाट लोटातील नायट्रिक ऑक्साइड ओझोन नष्ट करतो, तर तोच विरळ झाल्यावर, सूर्यप्रकाश आणि हायड्रोकार्बनच्या सोबतीने, ओझोननिर्मितीला हातभार लावतो. त्यामुळे कृत्रिम विसरणाने परिणामाची दिशाही उलटू शकते. उत्सर्जनाच्या नोंदींतील अनिश्चितता अनेकदा याहून मोठी असते, हे मला मान्य आहे. पण गणिताने सपाट केलेले शिखर मोजमापाशी जुळावे म्हणून कोणी उत्सर्जनाचे आकडे फुगवले, तर चांगली नोंदही बिघडते.

राहिला संवेदनशीलतेचा मुद्दा. दोन जवळजवळ सारख्या उत्तरांची वजाबाकी करताना उत्सर्जनातील बदल फार लहान असेल तर त्याचा परिणाम सॉल्व्हरच्या (समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रामच्या) त्रुटीत बुडतो, आणि मोठा असेल तर रसायनक्रियांची अरेषीयता (परिणाम बदलाच्या प्रमाणात नसणे) त्यात मिसळते. संशोधक डंकर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली डीकपल्ड डायरेक्ट मेथड ही पद्धत प्रदूषकांच्या संहतींबरोबर (हवेतील प्रमाणांबरोबर) त्यांचे अवकलजही, म्हणजे उत्सर्जनानुसार त्या बदलण्याचे दरही, थेट काढते, म्हणून ही वजाबाकी टळते. तरीही ते अवकलज त्याच ग्रिडवरचे असल्याने विसरणाचा दोष त्यांतही उतरतो. म्हणून निष्कर्ष मांडण्यापूर्वी वेगळी वहनपद्धत (वाऱ्याबरोबर प्रदूषक पुढे सरकवण्याची पद्धत) आणि रसायन-सॉल्व्हरची अधिक कडक त्रुटिमर्यादा घेऊन तीच गणना पुन्हा करावी, आणि उत्सर्जन-कपातीचा परिणाम या गणनांमधील तफावतीपेक्षा लहान निघाला तर त्याचे श्रेय कपातीला देऊ नये.