दोन स्टारच्या रिव्ह्यूला मुलींच्या शाळेचं उत्तर: टॉयलेटची रांग, पॅडची पेटी आणि गेटवरची पंचवीस मिनिटं

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तो इतरांनी वाचला नसेल, म्हणून तक्रारी आधी थोडक्यात मांडते. टॉयलेटला जायला वेळ मिळत नाही म्हणून मुलगी दिवसभर पाणीच पीत नाही. पाळी आली तेव्हा पॅडसाठी तिला ऑफिसात जावं लागलं. केस मोकळे होते म्हणून तिला प्रयोगशाळेबाहेर उभं केलं. खेळाच्या तासाला ती निम्म्याहून जास्त वेळ बसून असते. दप्तर जड आहे. आणि मामा न्यायला आले तर त्यांना गेटवर पंचवीस मिनिटं थांबवलं. शेवटी ‘एवढी फी नेमकी कशाची घेता?’ असं विचारलंय.

मुलीचं नाव, वर्ग किंवा ती ओळखू येईल असं काहीही या उत्तरात येणार नाही. तुमच्या तक्रारींपैकी काहींत चूक सरळसरळ आमची आहे. एक गोष्ट मात्र आम्ही मुद्दाम तशी ठेवली आहे आणि ती तशीच राहील.

टॉयलेटबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. एका मजल्यावर सहा वर्ग, म्हणजे साधारण १८० मुली. टॉयलेट ९. मधली सुट्टी १५ मिनिटांची. आत जायचं, कडी लावायची, युनिफॉर्म सावरायचा, बाहेर येऊन हात धुवायचे, याला एका मुलीला दोन मिनिटं धरा. म्हणजे सुट्टी संपेपर्यंत एका टॉयलेटमागे सात मुली, सगळे मिळून ६३. निम्म्याच मुलींना जायचं असलं तरी ९० होतात. सत्तावीसजणी रांगेत असतानाच घंटा होते. त्यात ‘आत्ताच सुट्टी झाली ना, मग तासाला कशाला?’ हे वर्गातलं वाक्य आलं की मुलगी स्वतःच तोडगा काढते आणि पाणी प्यायचं बंद करते. त्यातून दुपारी डोकं दुखतं, बद्धकोष्ठता होते, लघवीला जळजळ होते आणि पुढे संसर्गही होऊ शकतो. बाटली भरलेलीच घरी परत येत असेल तर ‘तहान लागली नाही’ हे तिचं उत्तर मानू नका. तुम्ही ते मानलं नाहीत, हे बरं केलंत.

तुमच्या तक्रारीनंतर टॉयलेट तपासली तेव्हा कळलं की ९ हा आकडाही कागदावरचाच होता. दोन दारांची कडी लागत नव्हती. कडी मोडली नव्हती. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली बसलं होतं, त्यामुळे कडीचा दांडा चौकटीतल्या भोकाच्या बोटभर खाली येत होता. कडी नवी बसवूनही याचा उपयोग होत नाही, वरच्या बिजागरीला लांब स्क्रू घालून दार उचलावं लागतं. कडी न लागणाऱ्या टॉयलेटमध्ये मुलगी एकटी जात नाही. मैत्रिणीला दार धरायला घेऊन जाते, म्हणजे रांगेतल्या दोघी एकाच टॉयलेटला अडकतात. मुलांच्या शाळेत असं दार वर्षभर तसंच राहिलं तरी फारसं अडत नाही, आमच्याकडे त्याने अख्खा मजला अडतो. दोन्ही दारं आता दुरुस्त झाली आहेत. मावशी रोज सकाळी झाडताना प्रत्येक कडी एकदा लावून बघतात.

आता अर्ध्या मजल्याची सुट्टी दहा मिनिटं उशिरा सुरू होते. प्रत्येक वर्गाच्या दाराशी एक लाकडी पट्टी टांगलेली असते. तासाला जायचं असेल तर पट्टी बाकावर ठेवायची आणि जायचं, विचारायचं नाही. पट्टी जागेवर नसेल तर कुणीतरी बाहेर आहे. मुली आत गप्पा मारत बसतात, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. त्यावर उपाय एवढाच की दहा मिनिटांत पट्टी परत आली नाही तर मावशी बघून येतात. चार गप्पिष्ट मुलींसाठी सगळ्या वर्गाला अडवणं आम्हाला पटत नाही.

पॅडची गोष्ट याला लागूनच आहे. पॅड ऑफिसात होते आणि वहीत नाव लिहून मिळत होते. वही ठेवली होती हिशोबासाठी, पण व्हायचं असं की ऑफिसात कुणी पालक बसलेले असले की मुलगी दारातूनच मागे फिरायची. आता प्रत्येक मजल्यावर टॉयलेटच्या भागात, हात धुवायच्या जागेजवळ, उघडी पेटी आहे. वही नाही. पहिले काही दिवस पेट्या तासाभरात रिकाम्या होतील आणि ‘मुली उगाच उचलतात’ अशी कुरकुर शाळेतूनच येईल. उद्या मिळेल की नाही याची खात्री नसली की माणूस चार जास्त उचलतो. पेटी रोज भरलेली दिसली की हा हावरेपणा आपोआप ओसरतो, म्हणून भरायचं थांबवायचं नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा असतो, म्हणजे शाळेच्या दिवसात निदान एकदा. ते शाळेत जमत नसेल तर मुलगी त्या दिवशी घरीच राहते. प्रत्येक टॉयलेटच्या आतच झाकणाची बादली आहे, बाहेर एकच मोठी ठेवून चालत नाही. वापरलेला पॅड हातात घेऊन चारजणींसमोरून कुणी जात नाही, तो कमोडमध्येच जातो. पॅड पाणी धरून फुगायलाच बनवलेला असतो, तो पाइपच्या वळणात बसला की अख्खी रांग तुंबते. डाग पडला तर बदलायला गडद रंगाचे स्कर्ट आणि नव्या निकर प्रथमोपचाराच्या खोलीत आहेत. स्कर्ट धुऊन परत पाठवायचा, निकर परत नको. हे सगळं नऊ-दहा वर्षांच्या वर्गांपासून लागू आहे, कारण पाळी त्या वयातही सुरू होते आणि तेव्हा मुलगी सर्वांत गोंधळलेली असते.

प्रयोगशाळेत केस बांधायला लावणं बरोबर होतं, बाहेर उभं करणं चूक होतं. बर्नरचं हवेचं भोक पूर्ण उघडलं की ज्योत फिकी निळी होते आणि खिडकीच्या उजेडात जवळजवळ दिसतच नाही. पोनीटेल बांधली म्हणजे केस बांधले असं मुलींना वाटतं. पण मोजपात्रातली रेघ बघायला मान खाली घातली की तीच पोनी खांद्यावरून पुढे येते, नेमकी ज्योतीच्या उंचीवर. म्हणून अंबाडा, नाहीतर वेणी कोटाच्या आत. बर्नर वापरात नसताना भोक बंद करून ज्योत पिवळी ठेवायची, म्हणजे ती निदान डोळ्यांना दिसते. पण यासाठी मुलीचा तास बुडवायची गरज नव्हती. दाराशी आता केसांच्या रबरांची बरणी ठेवली आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे ते.

खेळाच्या तासाचा तुमचा अंदाज उलट कमीच आहे. तास ४० मिनिटांचा. त्यात कपडे बदलायला सहा, परत बदलायला सहा, हजेरीला तीन. उरतात २५. एक बास्केटबॉल कोर्ट, ३० मुली, खेळणार १०. पाळीपाळीने सगळ्यांना खेळवलं तरी एकीच्या वाट्याला जेमतेम आठ मिनिटं येतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते, त्यापुढे ही आठ मिनिटं काय लागतात? आता खेळाच्या दिवशी मुलींनी खेळाच्या कपड्यांतच शाळेत यायचं. वाचलेली बारा मिनिटं धरून पाच मिनिटं वॉर्म-अप आणि मग चार गट, प्रत्येक ठिकाणी आठ मिनिटं: ड्रिबल, पास, बास्केट, आणि उडी मारून उतरणं. कुणी बसून नाही.

शेवटचा गट बघून पालक विचारतात, उतरणं काय शिकवायचं? वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या आतला लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा) तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो. तो तुटतो तेव्हा बहुतेक वेळा धक्का लागलेलाच नसतो, उडीवरून उतरताना किंवा झपकन वळताना गुडघा आत झुकतो आणि तुटतो. म्हणून शिक्षिका बाजूला नाही, मुलीच्या समोर उभ्या राहतात, कारण गुडघा आत झुकलेला बाजूने कळत नाही, समोरून दिसतो. दोन्ही पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायचं. धप्प आवाज आला की उडी पुन्हा. चेंडूही वयाप्रमाणे असतो, लहान वर्गांना ५ नंबरचा आणि मोठ्या मुलींना ६ चा. पुरुषांचा ७ नंबरचा चेंडू लहान हातांना दिला की बोटं ठेचतात आणि मुलगी पासला घाबरायला लागते. पाळी आहे म्हणून आपोआप सुट्टी नाही. दुखतंय असं म्हणाली तर प्रश्न न विचारता सुट्टी आहे.

दप्तराचं उत्तर लहान आहे. ते वजनाच्या दहाव्या भागाहून जड नसावं, ३५ किलोच्या मुलीला साडेतीन किलो. लिटरभर पाण्याचा एक किलो, रिकाम्या दप्तराचा जवळजवळ एक, मोठी २०० पानी वही चारशे ग्रॅम. तीन वह्या झाल्या की हिशोब संपला. त्यामुळे पाठ्यपुस्तकं वर्गात राहतील आणि बाटली अर्ध्या लिटरची आणा, भरायला नळ प्रत्येक मजल्यावर आहे.

आता गेट. इथे माझी भूमिका बदलणार नाही. त्या दिवशी शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी ऑफिसला फोन आला की आज मामा नेतील. फोनवर मुलीचं पूर्ण नाव आणि वर्ग बरोबर सांगितला होता. पण नाव तिच्या बाटलीवर असतं आणि वर्ग बिल्ल्यावर. आलेल्या नंबरवरही भरवसा ठेवता येत नाही, तो खोटा दाखवता येतो. म्हणून आम्ही प्रवेशाच्या वेळी दिलेल्या नंबरवर उलट फोन करतो. तुमचा फोन लागत नव्हता, दुसरा नंबर बंद होता. लागेपर्यंत मुलीला सोडलं नाही. मधल्या वेळात तिला एकटीला आत विचारलं, ‘आज कोण न्यायला येणारे?’ ‘हे तुझे मामा ना?’ असं कधीच विचारायचं नसतं, त्याला लहान मूल मान डोलावतंच. तिला मामा येणार हे माहीत नव्हतं. घरात वाद असला तर परस्पर न्यायला येणारा माणूस अनोळखी नसतो, मुलगी त्याच्याकडे धावत जाते. तुमच्या घरी तसं काही नाही हे मला मान्य आहे, पण गेटवरच्या माणसाला ते कळायचा मार्ग नाही.

चुकलं ते दुसरंच. मामांना कुणी कारण सांगितलं नाही, बसायला जागा दिली नाही, ‘थांबा’ एवढंच म्हणत राहिले. त्यांची माफी मागते, त्यांना हे वाचून दाखवा.

फीचं उत्तर वर आलंच आहे. तिच्यातलं बरंचसं मावशींच्या पगारात आणि उलट फोन करणाऱ्या माणसात जातं, आणि तो माणूस मी कमी करणार नाही.

सोमवारी मुलीसोबत एक फॉर्म येईल. त्यात न्यायला येऊ शकणाऱ्या चार माणसांची नावं, फोटो आणि एक खुणेचा शब्द लिहायचा आहे. शब्द बाटलीवर लिहू नका. ऐनवेळी माणूस बदलला तर दुपारी एकच्या आत कळवा आणि मुलीलाही सकाळीच शक्यता सांगून ठेवा. एकनंतर कळवलंत तर उलट फोन होईल, त्यासाठी मोबाइल सायलेंटवर ठेवू नका. तुमचा दुसरा नंबर अजून बंद लागतोय, तोही त्याच फॉर्मवर बदलून द्या.