मशीनच सगळं करतं, मग गणित कशाला?

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक पोस्ट दरवर्षी उगवते. यंदा ती मला एका दिवसात तिघांनी पाठवली. त्यातला एक माझा मावसभाऊ. त्याच्या पोरीला रेडिओग्राफीला घालायचंय. पोस्टचा मजकूर थोडक्यात असा: एक्स-रे टेक्निशियन व्हायला गणित-फिजिक्स येत नसलं तरी बिनधास्त या. एक, मशीनवर अवयवाचं चित्र दाबलं की सगळं आपोआप सेट होतं. दोन, आता डिजिटल आहे, फोटो चुकला तरी कॉम्प्युटर सुधारतो. तीन, लेड (शिशाचा) एप्रन घातला की रेडिएशनचा विषय संपला. चार, एमआरआय आणि सोनोग्राफीत तर रेडिएशनच नाही. फॉर्म्युले परीक्षेपुरते पाठ करा, पुढं कोण विचारत नाही.

मी सतरा वर्षं हे काम करतोय, निम्मी वर्षं रात्रपाळीत. म्हणून उत्तर देतो.

चित्राचं बटण असतं, हे खरं. पण त्या बटणामागचा आकडा कुठल्या तरी मध्यम बांध्याच्या माणसासाठी कुणीतरी आधी भरून ठेवलेला असतो. आमच्याकडं एकाच सकाळी तालमीतला पैलवान येतो आणि त्याच्या मागोमाग चार वर्षांचं रडणारं पोर. पोटाची जाडी साधारण ४ सेंटिमीटरने वाढली की एमएएस (म्हणजे ट्यूबमधला करंट गुणिले वेळ, किती किरण सोडायचे त्याचा आकडा) दुप्पट, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा. २० सेंटिमीटरऐवजी २८ सेंटिमीटर म्हणजे दुप्पट नव्हे, चौपट. कारण किरण आधी निम्मे होतात, मग निम्म्याचे निम्मे. आणि त्या पोराचं काय? ते हलणार, म्हणून वेळ कमी हवा. १०० एमए (मिलिअँपिअर, करंटचं माप) आणि ०.२ सेकंद म्हणजे २० एमएएस. ४०० एमए आणि ०.०५ सेकंद म्हणजेही २०. किरण तेवढेच, वेळ चौथा हिस्सा, फोटो हललेला येत नाही. हा गुणाकार तिसरी-चौथीतला आहे, पण तो करायचा असतो हे माहीत पाहिजे.

एक्स्पोजर (किरण सोडणं) आपोआप थांबवणारी सोयही मशीनला असते, असं कुणी म्हणेल. असते. पण तिच्या सेन्सरवर खुब्यात बसवलेला धातूचा गोळा आला, की तिला वाटतं किरण पोचलेच नाहीत, आणि ती एक्स्पोजर लांबवत राहते. आणि वॉर्डात नेतो त्या पोर्टेबल मशीनवर बहुतेक वेळा ही सोय नसतेच.

पोर्टेबलवरच मी एकदा सणसणीत आपटलोय. नवीन होतो, फिल्मचा काळ. आयसीयूत दोन खाटांच्या मध्ये जागा नव्हती, म्हणून ट्यूब (किरण सोडणारा भाग) फिल्मपासून १०० ऐवजी ७० सेंटिमीटरवर आणली आणि एमएएस होता तसाच ठेवला. डार्करूममधून फिल्म बाहेर आली ती तव्यासारखी काळी. सिनिअरनी ती व्ह्यूबॉक्सवर लावली, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "सत्तरचा वर्ग किती?" ४९००. शंभरचा १०,०००. म्हणजे एमएएस जवळजवळ निम्मा करायला हवा होता. आजही शिकाऊ पोरं इथंच फसतात: अंतर तीस टक्के कमी झालं, मग एमएएसही तीस टक्के कमी करू, म्हणतात. किरण अंतराच्या वर्गाच्या हिशेबानं पसरतात. साधं गुणोत्तर लावलं की चुकलंच. त्या रात्री पेशंटला दुसऱ्यांदा एक्स-रे द्यावा लागला, म्हणजे माझ्या चुकीचा डोस त्यानं घेतला.

आता दुसरा मुद्दा, आणि सगळ्यात धोकादायक मुद्दा हाच आहे. डिजिटलवर मी तीच चूक केली असती तर कुणाला कळलंच नसतं. डिटेक्टरवर (फिल्मच्या जागी आलेल्या पाटीवर) दुप्पट किरण पडले तरी कॉम्प्युटर चित्राची चमक सारखी करून देतो. उलट चित्र जास्तच स्वच्छ दिसतं. कमी पडले तर दाणेदार दिसतं आणि डॉक्टर ओरडतात. मग माणूस काय करतो? ओरडा नको म्हणून दर महिन्याला आकडा थोडा थोडा वर चढवत जातो. कुणी तक्रार करत नाही, कारण पेशंटला डोस दिसत नाही. काळी फिल्म निदान बोंब तरी मारायची.

हे पकडायला स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटा आकडा असतो, डेव्हिएशन इंडेक्स. शून्य म्हणजे नेमकं, अधिक ३ म्हणजे किरण दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मे. ३ ला दुप्पट कसं, असं पोरं हमखास विचारतात. कारण तो आकडा लॉग घेऊन काढलेला असतो. २ चा लॉग ०.३, त्याला १० ने गुणलं की ३. 'लॉग आयुष्यात कुठं लागतो' याचं उत्तर आमच्या कन्सोलवर रोज दिसतं, बघणारा हवा.

एप्रन. घालायचाच, त्यात वाद नाही. पण तो डोळे, चेहरा आणि हात झाकत नाही. वॉर्डात एक्स्पोजर देताना एक मीटरवर उभं राहण्याऐवजी तीन मीटरवर गेलं, तर अंगावर येणारे किरण सुमारे नवव्या हिश्श्यावर येतात. फुकटात. पोर्टेबलची वायर लांब असते ती यासाठी, आणि तरी लोक खाटेला टेकून बटण दाबतात.

याच मुद्द्यात मिली आणि मायक्रोचाही घोळ येतो. टीएलडी बॅजचा (आमच्या अंगावर किती रेडिएशन आलं ते मोजणाऱ्या बिल्ल्याचा) तिमाही रिपोर्ट आला, त्यात ०.१ मिलिसिव्हर्ट (डोसचं माप) दिसलं आणि एक पोरगं आठवडाभर जेवलं नाही. त्याला शेवटी कागदावर मांडून दाखवलं: माती, हवा, अन्न, आकाश यांतून जगात सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. आपल्यासाठी एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३०. याउलट सर्व्हे मीटरवर (खोलीतलं रेडिएशन मोजायच्या यंत्रावर) आकडा तासाला मायक्रोसिव्हर्टमध्ये असतो, तिथं ५०० बघून घाबरायचं की ०.५ म्हणून सोडून द्यायचं, हे हजारानं भागता आलं तरच कळतं.

पोस्टवाल्यानं उष्णतेचं नावच घेतलेलं नाही, म्हणून मीच घेतो. ट्यूबला दिलेल्या ऊर्जेतली सुमारे ९९ टक्के उष्णता होते, एक्स-रे होतात जेमतेम १ टक्का. ८० केव्ही (किलोव्होल्ट), २० एमएएस म्हणजे ढोबळ १६०० ज्यूल. तालमीच्या भाषेत सांगायचं तर साधारण १६० किलोचा दगड मीटरभर उचलायची ताकद, तीही सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, मिलिमीटरभर ठिपक्यावर! म्हणून तर अॅनोड (ट्यूबमधली ज्यावर हा मारा होतो ती तबकडी) टंगस्टनचा असतो आणि गरगर फिरतो. सकाळी थंड ट्यूबला वॉर्म-अप न देता थेट कमरेचा जड एक्स्पोजर मारला की अॅनोडला तडा जाऊ शकतो, आणि मग काही लाखांचं बिल कुणाच्या टेबलावर जातं ते विचारू नका.

चौथ्याला फार वेळ देत नाही. एमआरआयमध्ये आयनीकरण करणारं रेडिएशन नाही, बरोबर. पण दीड टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट असतो आणि लाइट गेली तरी चालूच राहतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला. सोनोग्राफीचं तर सगळं काम आवाजाचा शरीरातला वेग सेकंदाला १५४० मीटर धरून अंतर काढण्यावर चालतं. रेडिएशन नाही म्हणजे फिजिक्स नाही, हा हिशेब कुणी काढला कोण जाणे.

एक मात्र पोस्टवाल्याचं मान्य: इंटिग्रेशन मला सतरा वर्षांत एकदाही लागलं नाही. लागलं ते गुणोत्तर, वर्ग-वर्गमूळ, दहाचे घात आणि कॅल्क्युलेटरवरचं लॉगचं बटण. मावसभावाला हेच कळवलं आणि पोरीला एक गणित घातलं: १०० सेंटिमीटरवर १० एमएएस लागतो, तर छातीच्या फोटोसाठी ट्यूब १८० वर नेली की किती? तिनं लगेच १८ सांगितलं. म्हटलं, वर्ग कर. पाच मिनिटांनी मेसेज आला: "काका, ३२.४?"