समाजसेवा करायचीय? आधी ब्लेझर शिवा

तर तुम्हाला समाजसेवा करायची आहे. छान. वय पंचेचाळीसच्या पुढे गेलं, घराचे हप्ते संपत आले, पोरगं पुण्याला इंजिनिअरिंगला गेलं, बायको सिरीयल बघतेय आणि आपण गॅलरीत उभं राहून समोरच्याने नवीन गाडी घेतली की जुनीच धुतलीय याचा अंदाज घेतोय, अशा एखाद्या संध्याकाळी माणसाला आतून वाटायला लागतं की समाजाचं आपण काहीतरी देणं लागतो. असं वाटलं तर घाबरू नका, पण लगेच उठून सरकारी दवाखान्यातही जाऊ नका, तिथं पेशंट असतात. सरळ गावातल्या क्लबात जा. मी अकरा वर्षं आहे, त्यातली दोन सेक्रेटरी होतो, त्यामुळे पुढचा सल्ला अनुभवाचा आहे आणि फुकट आहे, फक्त त्यावर 80जीची, म्हणजे दानावरच्या करसवलतीची, पावती मिळणार नाही.

आमचा क्लब कुठला ते सांगत नाही. तालुक्याच्या गावात असे दोन-तीन क्लब असतातच, आणि चौथा पहिल्या तिघांत अध्यक्षपद न मिळालेल्यांनी काढलेला असतो. भाषणापुरता इतिहास मात्र पाठ करून ठेवा. 1905 साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्र गोळा केले, आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात बसायचं ठरलं म्हणून त्याचं नाव रोटरी. मग 1917 ला त्याच शिकागोत मेल्विन जोन्स या विमावाल्याच्या पुढाकाराने लायन्स सुरू झालं (प्रत्येक क्लबात एलआयसीवाले एवढे कसे, हा प्रश्न पडला असेल तर ही परंपरा शंभर वर्षांची आहे बरं का). शिकागो हा शब्द आला की आपल्याकडचा वक्ता 1893 आणि विवेकानंद घेतल्याशिवाय पुढं सरकतच नाही, सरकू देऊ नका, पाच मिनिटं आरामात निघतात. 1925 मध्ये हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी काम करा म्हणाल्या, तेव्हापासून नेत्रतपासणी शिबिरं. आमच्याही शिबिरात गेल्या वेळी म्हाताऱ्यांची रांग बसस्टँडपर्यंत गेली होती, डोळे फुकट तपासले, आणि चष्मा कुठं मिळेल त्याची चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात दिली. चिठ्ठीवर दुकानाचं नाव होतं, दुकान आमच्या संचालकांचं आहे, पण दहा टक्के डिस्काउंट होता हे विरोधक सांगत नाहीत.

मेंबर झाल्यावर पहिलं काम म्हणजे ब्लेझर. नेव्ही ब्लू, खिशावर बिल्ला, कॉलरला पिन. पदग्रहण समारंभ जुलैत असतो, बाहेर चिखल, हॉलमध्ये दमट उकाडा, एसी बिघडलेला, तरी ब्लेझर काढायचा नाही, घाम हा सेवेचाच भाग आहे. पहिलं वर्षभर तोंड उघडायचं नाही, खुर्च्या मांडायच्या आणि फोटोत अगदी कडेला उभं राहायचं. कडेला उभं राहण्यातली गोम अशी की पेपरवाला जागा कमी पडली की कडेचा माणूस कापतो. म्हणून दुसऱ्या वर्षापासून वस्तूला हात लावून उभं राहायला शिका, म्हणजे वही, घोंगडी, कुबडी, जे काही वाटप चालू असेल त्याचा एक कोपरा धरायचा. वस्तू धरलेला हात कापता येत नाही. एका वहीला सात जणांनी हात लावलेला फोटो आमच्या ग्रुपवर आहे, त्यात ती वही घेणारी पोरगी दिसत नाही, पण वही दिसते.

आता 1 जुलै. क्लबाचं वर्ष या दिवशी सुरू होतं आणि इतका सोयीचा दिवस अख्ख्या कॅलेंडरात दुसरा नाही. या दिवशी डॉक्टर्स डे असतो, सीए डे असतो, आणि आपल्या महाराष्ट्रात वसंतराव नाईकांची जयंती म्हणून कृषी दिनही असतो. क्लबात नऊ डॉक्टर आणि तीन सीए असल्यावर बाहेरचा माणूस शोधायची गरजच पडत नाही, डॉक्टरांनी सीएंचा सत्कार करायचा, सीएंनी डॉक्टरांचा, शाली त्याच, फक्त घडी मोडायची नाही. शेतकऱ्याचा प्रश्न पहिल्या वर्षी आला होता, कारण खरा शेतकरी 1 जुलैला पेरणीत असतो आणि फोन उचलत नाही. मग लक्षात आलं की आपल्या बिल्डर मेंबरच्या नावावर सातबारा आहे. बसवलं त्यांना स्टेजवर, डोक्याला फेटा बांधला, आणि "बळीराजा" म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यात खरंच पाणी आलं. ती जमीन आता एनए, म्हणजे बिगरशेती, झाली आहे, पण सत्कार झाला तेव्हा नव्हती.

वृक्षारोपणाबद्दल फार लिहीत नाही, खड्डा मागच्या वर्षीचाच वापरा, एवढंच. रक्तदान शिबिराचं सांगतो. तुमचं वय 18 ते 65 मध्ये असेल, वजन 45 किलोच्या वर असेल आणि हिमोग्लोबिन साडेबारा असेल तर तुम्ही रक्त देऊ शकता, आणि आमच्या चाळीस मेंबरांपैकी 45 किलोच्या खाली कोणी नाही हे मी ब्लेझरच्या मापांवरून खात्रीने सांगतो. तरी त्या दिवशी सकाळी प्रत्येकाला काहीतरी निघतं. कुणाची शुगर, कुणाची कालच चालू झालेली अँटिबायोटिकची गोळी, कुणाचा उपवास. काळजी नको, कॉलेजची एनएसएसची पोरं येतात, 350 मिली देतात, चहा आणि पारले-जी खातात, सर्टिफिकेट घेतात. आपण बाटली लावलेल्या पोराच्या उशाशी उभं राहून त्याच्या कपाळावर हात ठेवायचा. पोरगं म्हणतं काका मला काही होत नाहीये. तरी ठेवायचा.

एक गोष्ट मात्र खरी मोठी आहे, तिच्यावर हक्क सांगायला विसरू नका. पोलिओ. रोटरीने 1985 मध्ये जगातून पोलिओ घालवायचं मनावर घेतलं, आपल्याकडे 1995 ला पल्स पोलिओ सुरू झालं, 13 जानेवारी 2011 ची हावड्याची केस ही देशातली शेवटची ठरली आणि 27 मार्च 2014 ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र आलं. आता तुम्ही कुठल्या का क्लबात असेना, 2019 ला का मेंबर झालेले असेना, "आम्ही पोलिओ हद्दपार केला" म्हणायला कुणाची हरकत नसते. फक्त समोर अंगणवाडीच्या ताई बसलेल्या असतील तर आवाज जरा खाली घ्या. रविवारी सकाळी बर्फाची पेटी खांद्याला अडकवून उसाच्या फडात, वीटभट्टीवर, एसटी स्टँडावर पोरं धरून धरून डोस पाजणाऱ्या आणि डाव्या करंगळीवर मार्करने खूण करणाऱ्या त्याच होत्या, आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली असते.

बरं, सेवा म्हटली की पैसा आला. इथं नवखा माणूस हमखास चुकतो, त्याला वाटतं खिशात हात घालून पैसे काढून दिले की झालं. तसं नसतं. त्याला निधी म्हणत नाहीत, निधी हा उभारावा लागतो, आणि उभारायचा तर जुन्या हिंदी गाण्यांची ऑर्केस्ट्रा नाईट ठेवावी लागते. गेल्या वर्षी आम्ही ठेवली. पाचशेचं एक अशी दोनशे तिकिटं छापली आणि मेंबरांत पाच-पाच वाटली. तिकीट कुणाला विकायचं? तुमचा दोस्त दुसऱ्या क्लबात असतो आणि त्याच्याही खिशात त्याच्या क्लबाची तिकिटं असतात, त्यामुळे दोघं एकमेकांना बघून रस्ता बदलतात. शेवटी आपलीच आपण घेतो आणि मेव्हण्याला, भाडेकरूला, घरकामाच्या मावशींना देतो. मावशींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, दादा, खुर्ची लई पुढची होती, कानात दडा बसला.

मग स्मरणिका. स्मरणिका म्हणजे जाहिरातींच्या मधे अध्यक्षांचे फोटो. पानाला पाच हजार. यात तंत्र आहे: मेडिकलवाल्याकडे डॉक्टर मेंबरला पाठवायचं, सिमेंटवाल्याकडे बिल्डरला, पतसंस्थेकडे सीएला. कुणी नाही म्हणत नाही, चहाही पाजतात. मी एका हार्डवेअरवाल्या शेठना विचारलं, जाहिरातीत मजकूर काय टाकू? ते म्हणाले काहीही टाका, फक्त दिवाळीपर्यंत परत येऊ नका. "हार्दिक शुभेच्छा" टाकलं. आणि हो, कशासाठी मदत गोळा करताय हा प्रश्न तुम्हाला क्वचितच ऐकू येईल, पहिला प्रश्न 80जी आहे का हाच असतो, आणि रोखीत 2000 च्या वर दिले तर वजावट मिळत नाही म्हटल्यावर दानशूर माणूस एकदम विचारात पडतो.

हिशोब सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. तिकिटांचे एक लाख, जाहिरातींचे 85 हजार, एकूण 1,85,000. खर्च असा झाला की ऑर्केस्ट्रा 60 हजार, हॉल 25, साऊंड-लाईट 22, स्मरणिकेची छपाई 24, पाहुण्यांचं जेवण 18, आणि शाल-श्रीफळ-मेमेंटो-फ्लेक्स साडेचौदा. राहिले 21,500, ते एका शाळेला द्यायचे होते. कार्यक्रमात मध्येच आमच्या एका डॉक्टरांनीही दोन गाणी म्हटली, ती म्हणू द्यावीच लागतात. दुसऱ्या कडव्याला लाईट गेली तेव्हा प्रेक्षकांतून टाळ्या आल्या, त्या डॉक्टर अजून स्वतःच्या समजतात.

पुढच्या मिटिंगमध्ये एका नव्या मेंबरने हात वर केला. पोरगा बँकेत आहे, आकडे लगेच करतो. म्हणाला, सर, आपण चाळीस जणांनी अडीच-अडीच हजार तसेही भरलेच होते, तो लाख रुपया सरळ शाळेला दिला असता तर? हॉलमध्ये इतकी शांतता मी श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांतसुद्धा बघितलेली नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, अहो मग फेलोशिप कशी होणार? (फेलोशिप म्हणजे मिटिंगनंतरचं. कळलं असेल.) त्या पोराला यंदा पार्किंग समितीचा चेअरमन केलंय.

आता ती शाळा. चौदा किलोमीटरवर वाडीत, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. देण्याआधी गरज विचारावी असा नियम असतो म्हणून मी आणि अध्यक्ष गेलो. हेडबाईंनी चहा दिला, इकडं-तिकडं बघितलं, शिपाईमामांना बाहेर पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, दुसरं काही नको, मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाहीये. एक बाहेर दार धरून उभी राहते तेव्हा दुसरी आत जाते. सहावी-सातवीच्या तर जातच नाहीत, दिवसभर पाणीच पीत नाहीत पोरी." मी डायरीत लिहून घेतलं: कडी, एक.

हा विषय बोर्ड मिटिंगला आला तेव्हा आमच्यात फार गंभीर चर्चा झाली, मला तरी समाधान वाटलं. कडी ऐंशी रुपयांची येते. ऐंशी रुपयांचा प्रोजेक्ट रिपोर्टात कसा दाखवायचा? उद्घाटन कोण करणार, आणि कुठून, आतून की बाहेरून? कडीवर क्लबाचं नाव किती मोठं येईल? एक ज्येष्ठ म्हणाले, संडासासमोर ग्रुप फोटो बरा दिसत नाही. हे सगळ्यांना पटलं. मग कुणीतरी म्हणालं की बाई पाण्याचं काहीतरी म्हणत होत्या ना? आणि तिथून पुढं सगळं सोपं झालं. 16 हजारांचं वॉटर प्युरिफायर, साडेतीन हजारांची ग्रॅनाईटची पाटी, दोन हजार गाड्यांचं पेट्रोल, पेढे आणि रिबीन. बरोब्बर 21,500. खजिनदार म्हणाले, याला म्हणतात नियोजन.

उद्घाटनाला अकरा गाड्या गेल्या. पोरींनी स्वागतगीत म्हटलं, उन्हात, दोनदा, कारण पहिल्या वेळी फोटोग्राफर पोचला नव्हता. अध्यक्षांनी लाल रिबीन कापली, बटण दाबलं, काही झालं नाही. बिल थकल्यामुळे शाळेचं मीटर महिन्यापूर्वीच कापलेलं होतं. तरी वहिनींनी घरून आणलेल्या बिसलेरीच्या बाटलीतून एका मुलीला पाणी पाजताना जो फोटो आलाय तो इतका नॅचरल आहे की डिस्ट्रिक्टच्या अवॉर्डला आम्ही तोच पाठवला.

महिन्याभराने रिपोर्टावर सही-शिक्का घ्यायला मी एकटाच गेलो. प्युरिफायर ऑफिसात होतं, वर हजेरीपटाचा गठ्ठा. बाई वर्गावर होत्या म्हणून मी मागच्या बाजूला हात धुवायला गेलो आणि दाराकडं लक्ष गेलं. शिपाईमामांनी चौकटीला एक खिळा मारला होता, दाराला आतून एक भोक पाडलं होतं, आणि त्यातून आपली लाल रिबीन ओवून खिळ्याला गुंडाळायची सोय केली होती. चांगली दुहेरी पिळलेली, टोकाला गाठ. मी आत जाऊन लावून बघितली, घट्ट बसते.

बाहेर येऊन अध्यक्षांना फोन केला. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, रिबीन आपलीच ना? मी म्हटलं, हो साहेब, बिल आहे आपल्याकडे. म्हणाले, मग स्वच्छतागृहाचा प्रोजेक्ट वेगळा दाखवा, एकाचे दोन होतील.

दाखवलाय. लाभार्थी: 42 मुली.